एका पायात चामडं, एका पायात टायर

माझ्या आईचा डावा डोळा खडी फोडताना गेला. सडकेच्या कडेला बसून ती काळा दगड फोडत होती, हातोडीखालून कपची उडाली ती थेट डोळ्यात. बरोबरच्या बायांनी दुधाची पट्टी ठेवली, कुणी अंगारा लावला, आणि वडिलांनी तिला बैलगाडीत घालून सोलापूरला नेईपर्यंत डोळा हातचा गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी उजवा डोळाही तपासला. वडिलांना बाजूला घेऊन ते म्हणाले, हा एकच राहिलाय, ह्याला कपची लागू देऊ नका, हा गेला तर बाईला जन्माचा अंधार. वडिलांनी मान हलवली. परत आल्यावर आठवडाभरात आई पुन्हा हातोडी घेऊन बसली. दुसरं करणार काय?

आमचं मूळ गाव माकणी. गाव आमचं होतं, पण गावात वीतभर रान आमचं नव्हतं. निजामाच्या राज्यात जिथं सडकेचं काम निघेल तिथं आम्ही बिऱ्हाड न्यायचो. वडील खाणीतून दगड काढायचे, आई फोडायची, आणि ज्या गावी मुक्काम त्या गावच्या उर्दू शाळेत मी जायचो. असा मुक्कामामुक्कामाला शिकत मी मॅट्रिक झालो, आणि पुढं बी.एस्सी. आमच्या घराण्यात कागदावर सही करणारा मी पहिला आणि पदवी घेणाराही पहिलाच. हे मी मिरवायला लिहितो असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मिरवण्यासारखंच आहे ते. पण पदवीच्या आधी आमच्या आयुष्यात आप्पा आले, आणि आज मला लिहायचंय ते आप्पांविषयी.

आप्पा गुत्तेदार होते. ठेकेदाराला आमच्याकडं गुत्तेदार म्हणत. तुळजापूरहून नळदुर्गकडं जाणाऱ्या सडकेसाठी खडी पुरवायचं काम त्यांनी तामीरातकडून, म्हणजे निजामाच्या बांधकाम खात्याकडून घेतलं होतं. बुटका, घट्ट माणूस. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि भर वैशाखातसुद्धा अंगात काळा कोट. घरी कानडी बोलायचे, बाहेर मराठी, साहेबासमोर उर्दू, आणि राग आला की तिन्ही एकदम. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. मी मॅट्रिक होऊन नोकरीवाचून बसलोय हे कळल्यापासून माझं नाव "मॅट्रिक" पडलं ते कायमचं.

त्यांचं वेड म्हणजे झिजलेल्या वस्तू.

बाजारात लोक नवी वस्तू वाजवून, उजेडात धरून बघतात. आप्पा म्हातारीच्या हातातला झिजून कागदासारखा झालेला तवा बघत उभे राहत. "कधीचा? रोज किती भाकरी? चूल की शेगडी?" असं विचारून झालं की तोच तवा मागत, आणि बदल्यात नवाकोरा देत. म्हातारी तवा देऊन पळ काढायची, न जाणो ह्याचं मन बदललं तर. नळदुर्गात त्यांचं घर होतं. तिथल्या ओसरीच्या भिंतीला खुंट्याच खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीवर काहीतरी मरायला टेकलेलं. नांगराचा बोटाएवढा उरलेला फाळ, गाडीच्या चाकाची धाव, कात्रीची एकच पात, देवळातल्या घंटेचा लोलक. त्यांच्या बायकोला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वा म्हणायच्या, "आमच्या घरात चोर आला तर रडत बाहेर जाईल, आन् जाताना त्याच्याजवळचं काहीतरी ठेवून जाईल."

पुतण्यासाठी मुलगी बघायला आप्पा एकदा लोहारा गावाकडं गेले होते. मुलीनं पोहे दिले, पानसुपारी झाली, मंडळी परतली. घरच्यांनी विचारलं, पोरगी कशी आहे? आप्पा म्हणाले, "उंबरा बाभळीचा हाय. लई चांगला. मधेच झिजलाय, कडा जशाच्या तशा." मुलगी त्यांनी पाहिलीच नव्हती. लग्न मात्र तिथंच ठरवलं. ज्या घरातली माणसं उंबऱ्याच्या मधोमध पाय टाकून येतात-जातात ते घर सरळ, असं त्यांचं म्हणणं. तुळजापूरला गेले की देवीपुढच्या रांगेत घरच्यांना उभं करून स्वतः पायऱ्यांशी बसत. कुठली पायरी किती झिजली, डावीकडं जास्त का, हे बघत. ओळखीच्या पुजाऱ्यानं विचारलं, आप्पा, दर्शन झालं का? तर म्हणाले, "पायऱ्यांचं झालं. देवीचं घरचे घेत्यात."

आमच्या खडीवर ते पहिल्यांदा आले तेव्हा सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या. आप्पा सरळ आईसमोर येऊन उकिडवे बसले. आईच्या तोंडाकडं नव्हे, हातोडीकडं बघत होते.

"अक्का, ही हातोडी कधीची?"

"सासूबाईची."

हातोडीचं तोंड घासून निम्मं राहिलं होतं. दांडे कितीक बदलले असतील. आप्पांनी ती हातात घेतली, नखानं खरवडली, कानाशी नेऊन टिचकी मारली. म्हणाले, "मला द्या. नवी देतो. वर लुगडं देतो."

"आन् लुगडं नेसून दगड हातानं फोडू व्हय?"

"नवी देतो म्हणलं न्हवं?"

"नवी माझ्या हाताला बसायची न्हाय, आप्पा. ज्या दिवशी मला हातोडी लागायची न्हाय, त्या दिवशी घेऊन जावा."

बाया पदरात हसल्या. आप्पा हसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदा आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं, झाकलेल्या पापणीकडं पाहिलं, आणि उठून गेले.

त्याच हंगामात त्यांनी दगड फोडायची मशीन आणली. सोलापूरकडच्या एका बंद पडलेल्या खाणीवरची, जुनी, तेलाच्या इंजिनावर चालणारी. तिला लोखंडाचा जबडा होता. वरून दगड टाकला की जबडा चावून त्याचे तुकडे करायचा, आणि तुकडे खालच्या चाळणीत पडायचे. ही चाळण म्हणजे स्वयंपाकघरातली चाळण नव्हे. माणूस वाकून आत जाईल एवढं मोठं, लांब, उतारावर गरगर फिरणारं पत्र्याचं पिंप, आणि त्याला भोकं. भोकातून पडली ती पास खडी. भोकातून न जाता दुसऱ्या टोकानं बाहेर आली ती मोठी, ती पुन्हा जबड्यात. मला आप्पांनी जबड्यावर घेतलं. आई आणि आणखी काही बाया चाळणीखाली बसून खडीतली माती आणि चपटे तुकडे निवडायच्या. हातोडी आमच्या झोपडीत कुडाला अडकवलेली. वडील म्हणाले, देवीनं ऐकलं.

देवीनं ऐकलं, पण काळ्या दगडानं नाही ऐकलं. आमच्याकडचा काळा पाषाण म्हणजे लोखंडाचा वैरी. महिना-दीड महिन्यात चाळणीची भोकं झिजून रुंद झाली, आणि मोठे तुकडे पास खडीत पडायला लागले. तामीरातचे साहेब आले. हैदराबादचे, पांढरी शेरवानी, मऊ बोलणं. त्यांच्याजवळ एक लोखंडी कडं असायचं. ढिगातला वाटेल तो दगड उचलायचा आणि कड्यातून घालून बघायचा. गेला तर ठीक. असे बरेच दगड अडले की सगळा ढीग नापास. त्या दिवशी दगडामागून दगड अडत गेले. साहेबांनी कडं खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आप्पा साब, आप की चालनी का पेट बढ गया."

नापास ढिगाचा कायदा आप्पांचाच होता. ज्या बायांनी ढीग निवडला त्यांनीच तो हातानं फोडून कड्यात बसवून द्यायचा. मशीनमध्ये परत घालावा तर चाळण तीच, पुन्हा तेच. संध्याकाळी आईनं कुडाची हातोडी काढली.

दुसऱ्या दिवशी मी जबड्यावरून बघत होतो. आई दगड समोर ठेवायची, डाव्या हातानं चाचपायची, मान पूर्ण मागं फिरवायची आणि न बघता घाव घालायची. प्रत्येक घावाला मान फिरायची. उरलेला डोळा ती अशी पाठीमागं लपवत होती.

मी आप्पांकडं गेलो. म्हणालो, आईचा वाटा मी फोडतो. आप्पा म्हणाले, मग जबड्यात दगड कोण टाकणार, मी? आणि एकीला सूट दिली तर उद्या सगळ्याच जणी आजारी. मी म्हणालो, तिला एकच डोळा आहे. मग आप्पा आईला बोलावून म्हणाले की अक्का, तुम्ही नुसत्या बसा. आई म्हणाली, "बाकीच्या बायास्नी काय डोळं नगं हायती?" आणि जाऊन ढिगाशी बसली. माझी आई अशी होती. त्यामुळं आता तिला वाचवायचं तर एकच वाट होती. ढीग नापास होता कामा नये, म्हणजेच चाळण झिजता कामा नये.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. चांगलं लोखंड सगळं तिकडं चाललेलं. सोलापुरात खेटे घालून आप्पांना पत्रा मिळायचा तो पातळ, आणि तोही महिन्या-दीड महिन्यात खलास. मग त्यांनी नळदुर्गच्या लोहाराला गाठलं. आमच्याकडं फाळाचं टोक बोथट झालं की लोहार ते तापवून लाल करतो आणि पाण्यात बुडवतो. त्याला पाणी देणं म्हणतात. पाणी दिलेला फाळ दगडाळ रानातसुद्धा हंगाम काढतो. आप्पा म्हणाले, सबंध चाळणीलाच पाणी द्यायचं. लोहार म्हणाला, का न्हाय? वडील म्हणाले, बरोबर आहे. मलाही बरोबर वाटलं. आमच्यातल्या एकालाही वेगळं सुचलं नसतं, कारण आमच्या सगळ्यांच्या डोक्यात लोखंड म्हणजे फाळ.

भट्टी पेटवून, तुकड्यातुकड्यांनी पत्रे लाल करून पाण्यात घातले. जोडून चाळण उभी केली तेव्हा तिच्यावर खडा मारला की देवळातल्या घंटेसारखा नाद यायचा. आप्पांनी नारळ फोडला, हार घातला, अव्वांनी हळदकुंकू वाहिलं. मी पहिली पाटी जबड्यात रिकामी केली. दगड चाळणीत पडला आणि चाळण पापडासारखी मोडली. नुसती वाकली किंवा फाटली नाही. कडकड वाजून तिचे तुकडे झाले, आणि हार एका तुकड्यावर लोंबत राहिला.

सगळे गार पडलो. आप्पा पुढं गेले, एक तुकडा उचलला, कडेवरून बोट फिरवलं आणि एकदम हसायला लागले. म्हणाले, "फाळ मातीत खुपसत्यात. हिच्यावर दगड आदळतोय. ताठ मानेचा माणूस आन् ही चाळण, दोघांचं एकच." तो तुकडा हारासकट त्यांनी घरी नेला. त्यांच्या भिंतीवरची ती सगळ्यात नवी वस्तू.

त्या दिवसानंतर आप्पा मऊ वस्तू बघायला लागले.

एकदा ते पाणी पिऊन येतो म्हणून जवळच्या मळ्यात गेले ते परत येईनात. इंजिनाला पट्टा घालायचा खोळंबला, म्हणून मी शोधायला गेलो. बघतो तर विहिरीच्या काठावर आप्पा पालथे पडून, डोकं आत लोंबकळत. मोट हाकणारा शेतकरी बैल थांबवून कमरेवर हात ठेवून उभा. तो म्हणत होता, "आप्पा, जीवच द्यायचा तर दुसऱ्याच्या हिरीत द्या. आमाला पाणी प्यायचंय."

आप्पांनी मला हाक मारली. "मॅट्रिक, हिकडं ये. दगड बघ." मोट वर येताना जिथं घासत होती तिथं विहिरीच्या काठाच्या दगडाला हातभर खोल गुळगुळीत खाच पडली होती. "आता मोट बघ." मोट चामड्याची. ठिगळं होती, पण शाबूत. "कातड्यानं पाषाण खाल्लाय. का? कातडं वाकतंय. दगड आला की म्हणतंय, या बसा. लोखंड म्हणतंय, का आलास?" एवढं बोलून ते उठले. कोटाला पुढून सगळा शेवाळाचा हिरवा पट्टा. तसेच बाजारभर फिरले.

चामड्याची चाळण झाली. म्हशीचं जाड कातडं, तेल पाजून मऊ केलेलं, भोकं पाडून लोखंडी चौकटीवर ताणून बसवलं. आप्पांच्या भाऊबंदांनी नाकं मुरडली, की लिंग बांधणारा माणूस हा, आणि ढोराचं कातडं हाताळतो. आप्पा म्हणाले, तुमच्या पायातल्या वहाणा आधी काढा, मग बोलू. चाळण चालली मात्र झकास. दोन-तीन ढीग पास झाले, आणि आई खाली बसून गाणं म्हणत खडी निवडायला लागली. मग एका सकाळी कामावर आलो तर चौकटीवर कातडं नाही. खाणीवरची कुत्री दगडांच्या सावलीत पोटं फुगवून पडलेली. तेल पाजलेलं कातडं त्यांनी रातोरात खाल्लं होतं, भोकांसकट.

बाया तोंडाला पदर लावून हसायचं थांबेनात. आईसुद्धा हसली, पण तिची नजर झोपडीकडं, कुडातल्या हातोडीकडं गेली ती मी पाहिली. आप्पांनीही पाहिली असावी. ते म्हणाले, आता कुत्र्यानं तोंड लावू नये असलं कातडं पाहिजे.

तेव्हा सोलापूर-नळदुर्ग मोटार चालायची. तिचे फाटके टायर ड्रायव्हर रस्त्याकडेला टाकून द्यायचा, आणि आमच्याकडचे चांभार त्याच्या चपला करायचे. आप्पांनी टायरचा एक तुकडा आणला, कुत्र्यांपुढं टाकला. कुत्र्यांनी हुंगून सोडून दिला. पण फाळाच्या गोष्टीत एकदा तोंड भाजलेलं. ह्या वेळी आप्पा चांभाराकडं गेले आणि त्यांनी स्वतःसाठी एक चप्पल चामड्याची आणि एक टायरची करायला सांगितली.

चांभाराला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. दुसऱ्या दिवसापासून आप्पा डाव्या पायात चामडं आणि उजव्या पायात टायर घालून फिरायला लागले. टायर जाड, चामडं पातळ, त्यामुळं चालताना एक खांदा वर एक खांदा खाली. तुळजापूरच्या बाजारात कुणी विचारलं, "आप्पा, चांभारानं फशिवलं का?" आप्पा म्हणाले, "शर्यत लावलीया. निकाल लागला की सांगतो." खडीवरच्या आम्हा सगळ्यांना त्यांनी तसेच जोड करून दिले. दर बाजाराला आम्हाला ओळीनं बसवून पाय वर करायला लावायचे आणि तळवे तपासायचे, बैलाचे खूर तपासावेत तसे. म्हातारी माणसं, बाया, मी, सगळे एका पायानं उंच. गावात आम्हाला आप्पांची लंगडी पलटण म्हणायचे. आईनं आधी नको म्हटलं. मग म्हणाली, घालते, निदान एका पायाला तरी काटा लागायचा न्हाय.

तोवर मशीन सोलापूरच्या पातळ पत्र्यावर कशीबशी चालली. शिमग्यापर्यंत सगळ्यांच्या चामड्याला भोकं पडली. टायरवरची नक्षी पुसली होती, टायर होता तसा. शर्यतीचा निकाल लागला.

मोटारीचे टाकलेले टायर आप्पांनी गाडीभर आणले. ड्रायव्हर म्हणाला की गाडीला चालत नाहीत म्हणून टाकलेत. आप्पा म्हणाले, गाडीला न्हाय चालत, मला चालत्यात. चांभारानं ते चिरून सपाट पट्ट्या केल्या, पट्ट्यांना भोकं पाडली. नुसतं रबर लोंबलं असतं, म्हणून आप्पांनी कुठून तरी नवीन लोखंडी पत्रा पैदा केला, त्याला तेवढीच भोकं पाडली, आणि भोकाला भोक जुळवून आतल्या बाजूनं रबर बोल्टांनी आवळलं. पुन्हा नारळ, पुन्हा हार. अव्वा ह्या वेळी लांब उभ्या राहिल्या.

चाळण मोडली नाही, झिजली नाही. पण तुंबली. खडी रबराच्या भोकातून जायची आणि खालच्या पत्र्याच्या भोकात पाचर बसावी तशी बसायची. दुपारपर्यंत सगळी भोकं बुजली आणि दगड वाट मिळेल तसा बाहेर पडला. ढिगात लहान-मोठं सगळं कालवलेलं. साहेबांनी कडं काढायचीही तसदी घेतली नाही. जाताना एवढंच म्हणाले, पावसाळा तोंडावर आहे, पुढचा ढीग पास झाला नाही तर उरलेली सगळी खडी हातानं फोडून घ्यावी लागेल. उरलेली खडी म्हणजे डोंगर होता.

तो नापास ढीग फोडताना आईच्या डोळ्याखाली कपची लागली. डोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर. मान फिरवायला क्षणभर उशीर झाला होता. रक्ताचा ओघळ गालावरून हनुवटीपर्यंत आला. मी जबड्यावरून उडी टाकली. आई म्हणाली, "काय न्हाय, काय न्हाय," आणि बोटानं डोळा उघडून माझ्याकडं बघितलं, की दिसतंय का ते स्वतःलाच कळावं. दिसत होतं. आप्पा पलीकडं उभे होते. त्यांनी हे सगळं पाहिलं. दोन उंचीच्या चपला घालून ते नळदुर्गच्या वाटेला लागले.

पुढचं अव्वांनी आम्हाला नंतर सांगितलं. त्या दिवशी घरामागचं पेव उघडलं होतं. पेव म्हणजे जमिनीतलं ज्वारीचं कोठार. तोंड एवढंसं, की माणूस कसाबसा उतरावा, आणि आत पोट खोलीएवढं. गडी आतून ज्वारी देत होता. आप्पा अंगणात येऊन पेवाच्या तोंडाशी बसले. जेवायला उठेनात. अव्वा वैतागून म्हणाल्या की बसायचंच तर ती भिंतीला टेकवलेली गंजकी चाळण तरी उचला, गड्याला पोती न्यायला वाट नाही. ती आमच्या मशीनची पहिली चाळण. भोकं झिजून रुंद झालेली, पोट वाढलेली. आप्पांनी ती टाकून दिली नव्हती, कारण झिजलेलं काही ते टाकतच नसत. त्यांनी पेवाकडं बघितलं, चाळणीकडं बघितलं, आणि उभे राहून ओरडले, गाडी जुंपा.

सकाळी ती गंजकी चाळण घेऊन ते खडीवर हजर. नवा पत्रा काढला, त्याच्या जागी जुना झिजका पत्रा लावला, आणि आतून तेच रबर आवळलं. वर रबराचं लहान भोक, खाली झिजून मोठं झालेलं भोक. "पेवाचं तोंड ल्हान, पोट मोठं," ते बोल्ट आवळता आवळता म्हणाले. "तोंडातून गेली ती गेली. आत अडायला जागाच न्हाय." नारळ फोडला नाही. हार घातला नाही. मला म्हणाले, मॅट्रिक, टाक.

मी पाटी टाकली. जबडा चावला. आणि मग चाळणीचा आवाजच येईना. लोखंडी चाळण आधी अशी खडखडायची की पलीकडच्या शिवारात ऐकू जायची, कामावर एकमेकांशी खुणांनी बोलायची आम्हाला सवय. आता खाली नुसता पाऊस पडल्यासारखा आवाज. बायांनी घाबरून वर बघितलं. आप्पा स्वतः इंजिनाकडं धावले, त्यांना वाटलं इंजिनच बंद पडलं. इंजिन चालू होतं, पट्टा फिरत होता, चाळण फिरत होती आणि तिच्याखाली खडी पडत होती. सगळी एकसारखी. आईनं ओंजळभर उचलून पुन्हा खाली सोडली.

साहेब आले तेव्हा ढीग छातीएवढा झाला होता. त्यांनी वरचा दगड घेतला, कड्यातून गेला. मधला खुपसून काढला, गेला. बूट रुतवून ढिगाच्या पोटातला काढला, गेला. कितीतरी वेळ ते दगड उचलत होते. आप्पांचं लक्ष कड्याकडं नव्हतंच. ते आईकडं बघत होते. शेवटी साहेबांनी कडं खिशात ठेवलं, चाळणीशी जाऊन रबरावरून हात फिरवला आणि म्हणाले की हे कोणत्या कंपनीचं आहे, मला बाकीच्या कामांवरही मागवायचंय. आप्पांनी उजवा पाय वर करून चप्पल दाखवली. साहेब इतके हसले की त्यांना शेरवानीचं वरचं बटण काढावं लागलं.

"पास," ते म्हणाले.

आप्पा खडीच्या ढिगावर मटकन बसले. "साकु," म्हणाले. कानडीत साकु म्हणजे पुरे. "साकु, साकु." एवढंच बराच वेळ म्हणत राहिले.

आई झोपडीत गेली आणि हातोडी घेऊन आली. आप्पांसमोर धरली.

"घ्या. आता न्हाय लागायची."

"लुगडं?" आप्पांनी विचारलं.

"ते बी द्या की. कबूल केलंय तुमी."

आप्पांनी तिथल्या तिथं माणूस धाडून नळदुर्गाहून इरकली लुगडं मागवलं. ते येईपर्यंत हातोडी मांडीवर घेऊन तिच्या झिजलेल्या तोंडावरून अंगठा फिरवत बसले होते.

पावसाळ्याआधी खडी पुरी झाली. दिवाळीनंतर पुढच्या सडकेला तीच चाळण, तोच झिजका पत्रा, फक्त रबर अधूनमधून नवं, म्हणजे नवं टाकलेलं जुनं. मी आणखी एक हंगाम जबड्यावर होतो. मग आप्पा म्हणाले, मॅट्रिक, तू आता हितं झिजू नको, कॉलेजात जाऊन झीज. मी सोलापूरला गेलो. तिथं प्राध्यापकांनी एकदा पदार्थांचा कठीणपणा, ठिसूळपणा, लवचिकपणा ह्यांवर व्याख्यान दिलं, आणि उदाहरण कुणी देईल का म्हणून विचारलं. मी उठून पाणी दिलेल्या चाळणीची गोष्ट सांगितली, हारासकट. वर्ग हसला. प्राध्यापकांनी मला पुढं बोलावून फळ्यावर चाळणीची आकृती काढायला लावली, आणि तास संपला तरी पुसू दिली नाही. त्या शहरात मला पहिल्यांदा आपलं वाटलं ते त्या दिवशी.

मी पदवीला असताना निजामाचं राज्य गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत आप्पा गेले, झोपेतच. आईला घेऊन भेटायला गेलो तर अव्वांनी ओसरीवर नेलं. हातोडी मधल्या खुंटीवर होती, आणि तिच्या खाली एकाखाली एक दोन चपला, चामड्याची आणि टायरची. अव्वांनी आईला विचारलं की हातोडी परत न्यायची का, सासूबाईची आठवण आहे तुमची. आई म्हणाली, राहू द्या, तिची जागा आता हीच. मग तिनं तिथंच बसून अव्वांचा फाटलेला पदर शिवून दिला. सुईत दोरा तिनं स्वतः ओवला, एका झटक्यात.

सडक झाली. मी बी.एस्सी. झालो. आईनं हातोडी पुन्हा धरली नाही, आणि तिचा उजवा डोळा शेवटपर्यंत शाबूत राहिला.